कोंडलेली मिरची

"डंक बंद कर आधी!" हवालदार शटरमध्ये उभा राहून ओरडला आणि पुढचं काही बोलण्याआधी लागोपाठ शिंकायला लागला.

आमच्या दुकानात पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाचं हेच होतं. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. मोटर चालू केली की लोखंडी मुसळं वर उचलली जातात, खालच्या उखळात दणादण आदळतात आणि मिरचीचा खकाणा दुकानभर होतो. बायका पदर नाकाला लावून खोकत, शिंकत, डोळे पुसत बसलेल्या असतात. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ते दोन हजार वीस सालचे मार्चमधले दिवस होते. संचारबंदी त्याच दिवशी जाहीर झाली होती. कुणी खोकलं तर लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, आणि माझ्या दुकानात भिंतीला पाठ लावून ओळीनं बसलेल्या बायका मन लावून खोकत होत्या.

मी बटण दाबलं. मुसळं थांबली.

"चला, सगळ्यांनी घरला. दुकान बंद. आत्ताच्या आत्ता."

एकही उठली नाही. त्यांना संचारबंदी कळत नव्हती असं नाही, पण आमच्या सीमाभागातली पद्धतच तशी आहे. वर्षाची चटणी करायची म्हणजे संकेश्वरी मिरची बाजारात चार ठिकाणी पारखून घ्यायची, उन्हात वाळवायची, देठ काढायचे, आणि डंकावर आणली की ती कुटून डब्यात भरेपर्यंत तिच्यासमोरून हलायचं नाही. डंकवाली चांगली मिरची काढून घेते आणि हलकी घालून देते, हे इथल्या पोरींना चालायला लागायच्या आधी कळतं. मी किती वर्षं त्यांची चटणी कुटत होते, सणाला एकमेकींच्या घरी जात होतो, पण मिरचीच्या बाबतीत माझ्यावर कुणाचा चिमूटभरही विश्वास नव्हता.

"माझी अर्धीच कुटून झालीया," महादेवीकाकू म्हणाल्या. "उखळात हाय ती. अर्ध्यावर टाकून जाऊ व्हय?"

महादेवीकाकू म्हणजे आमचे जागामालक गुरुपादअण्णा यांच्या घरच्या. अण्णांचं किराणा दुकान शेजारीच होतं आणि माझा गाळा त्यांच्याच इमारतीतला शेवटचा. मालकीणबाई म्हणून काकू कधी नंबर लावत नसत. त्या आल्या की पहिलं उखळ त्यांचं, मग आधी कोण बसलं होतं ते देवाला ठाऊक.

"मावशी, काठी वापरायला लावू नका," हवालदार म्हणाला.

"वापर की," कोपऱ्यातून अक्काताई खोत म्हणाल्या. "तुझ्या आईची चटणी पण हितंच हुती. तिला जाऊन सांग, मी अक्काताईला मारलं म्हणून."

हवालदार पुन्हा शिंकला. शेवटी त्यानं मेनस्विच ओढला आणि दुकानात अंधार झाला, तेव्हा कुठं बायका उठल्या. पिशव्या इथंच ठेवा, रिकाम्या हातानं घरला पळा, असं त्यानं बजावलं. पण उठताना प्रत्येकीनं आपापल्या पिशवीचं तोंड आपापल्या पद्धतीनं बांधलं. कुणी दोन गाठी मारल्या, कुणी गाठीत काडी खोचली, अक्काताईंनी तर लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली. म्हणजे मी पिशवी उघडली तर कळावं. महादेवीकाकूंनी आपल्या उखळावर परात पालथी घातली, वर पाटा ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी जणू दरोडा घालायला निघाले होते.

मी शटर ओढलं आणि उजव्या कडीला कुलूप लावलं. डावीकडची कडी नेहमीसारखी मोकळीच राहिली.

पुढचे दिवस सगळ्यांचे जसे गेले तसेच माझेही गेले. नवरा गोव्याला हॉटेलात कामाला होता, तो तिकडेच अडकला. मी इकडे बसून दिवस मोजत होते. डंकाचा धंदा वर्षभर नसतो. मार्च, एप्रिल, मे, बस्स. त्या तीन महिन्यांत जे कुटलं जाईल त्यावर माझं वर्ष चालतं. मे संपला, पावसाळी हवा सुटली की मिरची ओलावते आणि डंकवालीला कुणी ओळख देत नाही.

पिठाच्या गिरण्या चालू होत्या. मी नगरपालिकेत चकरा मारल्या. गिरणी चालते तर डंक का नाही? तिथल्या साहेबाला उत्तर सापडेना. त्यानं एकाला फोन केला, त्यानं दुसऱ्याला विचारलं. गव्हाचं पीठ गरजेचं हे सरकारी आदेशात होतं, चटणीबद्दल कुणी काही लिहिलंच नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही भाकरी कशाशी खाता?" तो हसला आणि त्यानं परवानगी दिली. अट एकच. गिऱ्हाईक दुकानात बसवायचं नाही. मिरची द्यायची, घरी जायचं, निरोप आला की चटणी न्यायला यायचं.

ही अट ऐकून मला रडू यावं की हसू ते कळेना. पण परवानगी तर मिळाली होती. मी तशीच दुकानावर गेले आणि शटरसमोर उभी राहिले.

डाव्या कडीला नवंकोरं मोठं कुलूप होतं.

अण्णा शेजारी गल्ल्यावर बसले होते. मास्क हनुवटीला, समोर तागडी, रस्त्यावर नगरपालिकेनं गिऱ्हाइकांसाठी चुन्यानं काढलेले गोल. गोलांत चार माणसं उभी होती.

"अण्णा, माझ्या शटरला डाव्या बाजूला कुलूप कुणाचं?"

"माझं," ते साखर जोखत म्हणाले. "इमारत माझी. कुलूप माझं."

"आणि आतला डंक?"

"तो तुझा. ने की काढून. न्यायला गाडी मिळाली की सांग, मी कुलूप काढतो."

"मी कशाला काढून नेऊ? भाडं दिलंय मी."

"भाडं दिलंस, पण करार संपला. मार्चअखेरीला अकरा महिने भरले. नवा केलास व्हय?"

"ऑफिसं बंद हायत, अण्णा. करार कुठं नोंदवू, तुमच्या गल्ल्यावर?"

गोलातला एक जण हसला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो गप्प झाला.

"हे बघ गिरिजा, साऱ्या दुनियेत खोकल्याची साथ, आणि तू खोकल्याचं दुकान काढून बसलीयास. माझ्या गिऱ्हाइकाला काय झालं तर जबाबदार कोण? मी अर्ज दिलाय नगरपालिकेत."

मी परवानगीचा कागद दाखवला. त्यांनी तो लांबूनच बघितला, हातात घेतला नाही.

"ही परवानगी डंकाला हाय. जागेला न्हवं. जागेला मालकाची लागते."

"हे असं कायद्यात बसत न्हाई."

"मग जा की कोर्टात." त्यांनी पुडी बांधली, दोरा तोडला आणि माझ्याकडे बघून चक्क हसले. "आणि कोर्ट उघडलं की मला पण सांग."

खरी गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती. त्यांचा मुलगा पुण्याची नोकरी गेल्यामुळे बायकापोरांसह परत आला होता. त्याला गाळा पाहिजे होता. अण्णांनी सरळ येऊन तसं सांगितलं असतं तर मी भांडले असते, पण ऐकून तरी घेतलं असतं. त्यांनी करार पुढे केला, खोकला पुढे केला, मुलाचं नाव मात्र काढलं नाही. मला त्या हसण्याचा इतका राग आला की समोरच्या शेंगदाण्याच्या पोत्यावर लाथ मारावीशी वाटली. मारली नाही, कारण मध्ये चुन्याचा गोल होता आणि गोलात गल्लीतली म्हातारी भागीरथीआजी उभी होती.

मी धनवडे वकिलांना फोन लावला. हे माझ्या माहेरच्या गावचे, वयस्कर, तोंडानं फटकळ. कोर्ट बंद म्हणून घरी बसून ते आणखीच चिडके झाले होते. पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"तू कुलूप तोडलंस का?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"न्हाई."

"शहाणी आहेस. तोडू नकोस. तुझं कुलूप अजून आहे ना उजवीकडं?"

"हाय की."

"मग ऐक. करार संपला म्हणून मालकाला असं कुलूप मारता येत नाही. काढायचं असलं तर कोर्टातून हुकूम आणून काढायचं. पण कोर्ट सध्या अगदी अडलेल्या कामालाच बसतंय, तुझं काम त्यात बसेल की नाही, मी सांगू शकत नाही. अर्ज तयार करतो मी. तोवर एकच गोष्ट सांभाळ. तुझी किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही. पाच मिनिटांसाठी नाही, देव मागायला आला तरी नाही. किल्ली दिलीस की ताबा गेला. मग तो म्हणेल, बाईनं आपण होऊन जागा सोडली."

"आणि पोलीस?"

"ते म्हणतील दिवाणी भांडण आहे. जाऊन बघ."

गेले. ते म्हणाले, दिवाणी भांडण आहे.

मला वाटलं होतं, वाईट ते होऊन गेलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात अक्काताई उभ्या होत्या, त्यांच्यामागे शमशादभाभी, आणि बाकीच्या आपापल्या दारांतून माझ्याकडे बघत होत्या. कुणाच्या तोंडावर पदर, कुणाच्या तोंडावर जुन्या ब्लाउजच्या कापडाचा मास्क, पण डोळे सगळ्यांचे सारखेच तापलेले.

"आमची मिरची कुठं हाय?"

"दुकानात हाय, अक्काताई. अण्णानं कुलूप घातलंय, बघितलं की तुम्ही."

"बघितलं. एक अण्णाचं, एक तुझं. दोघांनी मिळून घातल्यालं."

"मी कशाला मिळू त्याला?"

"का न्हाई?" शमशादभाभी म्हणाल्या. "आतमदी आमची संकेश्वरी. बाहेर बाजारात मिरची मिळंना झालीया, दर कुठं गेलाय ठाऊक हाय का? दोघांनी वाटून घ्याल आणि मग सांगाल, घुशीनं खाल्ली."

मी भाभींना बहिणीसारखं मानायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी भाकऱ्या थापल्या होत्या.

"भाभी, तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"मला काय वाटायचंय," त्या म्हणाल्या. "मिरची डोळ्यांम्होरं न्हाई, एवढं मला कळतं."

त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडले. अण्णांनी कुलूप घातलं तेव्हा रडले नव्हते.

दुपारी दार पुन्हा वाजलं. महादेवीकाकू. हातात वाडगा, वाडग्यावर ताटली. आयुष्यात त्यांनी कधी मला पाण्याचा पेला विचारला नव्हता, आणि आज आमटी घेऊन आल्या होत्या.

"एकटीच असतीस. जेवलीस का?"

"जेवले, काकू."

त्यांनी वाडगा उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरून उभ्या राहिल्या. थोडा वेळ वळवाचा पाऊस येणार की नाही यावर बोलल्या. मग मुद्द्यावर आल्या.

"तुझी किल्ली दे गं जरा. पाच मिनिटांत माघारी आणून देते. माझी तेवढी उखळातली काढून घेते. अर्धी कुटल्याली मिरची किती दिस टिकंल? घरात चटणीचा डबा खडखडतोय. सून माहेरची चटणी वाढालीया मला. तिखट न्हाई, मीठ न्हाई, नुसता रंग."

मला त्यांची दया येणार होती. पण धनवडे वकिलांचे शब्द कानात होते आणि आमटीचा वास नाकात होता. दोन्ही एकाच वेळी आले म्हणून बरं झालं.

"काकू, अण्णांना सांगा त्यांचं कुलूप काढायला. ते काढलं की माझं मी काढते, आणि तुमची मिरची तुम्हाला पहिली."

"त्यांचं काढायचं मी कसं सांगू?"

"मग माझं मी कसं काढू?"

काकूंचा चेहरा बदलला. "आमच्याच जागेत ऱ्हाऊन आम्हालाच अडवतीस व्हय? तुझ्या सासऱ्यापासनं तुम्हाला हितं थारा दिला. फळं भोगशील."

"अण्णांनी पाठवलं का तुम्हाला?"

काकू वाकल्या, वाडगा उचलला आणि आमटी परत घेऊन गेल्या. त्यांना खरंच मिरची हवी होती की अण्णांना किल्ली हवी होती, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. कदाचित दोन्ही.

संध्याकाळी धनवडे वकिलांचा फोन आला. अर्ज पाठवलाय म्हणाले, पण तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. मी त्यांना बायकांचं सांगितलं. पिशव्या आत अडकल्यात, सगळ्या माझ्यावर उठल्यात.

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हे आधी का सांगितलं नाहीस? अगं, तुझं आणि त्याचं भांडण दिवाणी. पण त्या बायकांचं त्याच्याशी काय भांडण? त्या ना त्याच्या भाडेकरू, ना त्यांचा कसला करार. दुसऱ्याचा माल मागितल्यावरही कोंडून ठेवायचा, हे त्याला महागात पडेल. पण त्यांनी त्याच्याकडं मागायला पाहिजे. ज्याची त्याची मिरची, ज्याच्या त्याच्या तोंडानं, चार माणसांसमोर. आणि गर्दी करायची नाही, सांगून ठेवतो. गर्दी केली की गुन्हा तुमच्यावर, आणि तो बसेल हसत."

मी अक्काताईंच्या दारात गेले. आत या म्हणाल्या नाहीत. मी रस्त्यावर उभी राहूनच सगळं सांगितलं. त्या दारात बसून लसूण सोलत होत्या.

"तुम्ही माझ्यावर इश्वास ठेवू नका," मी म्हटलं. "मी पण आता मागत न्हाई. पण तुमची मिरची त्याच्याकडं मागा. गर्दी मात्र करायची न्हाई."

अक्काताईंनी लसणाची एक पाकळी दातांखाली धरली आणि चावली.

"गर्दी कोण करतंय?" त्या म्हणाल्या. "त्याच्या दुकानाम्होरं नगरपालिकेनं गोल काढून ठेवल्यात की."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी दुकान उघडलं तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक गोलात एक बाई उभी होती. तोंडाला मास्क, हातात रिकामी पिशवी. पहिल्या गोलात अक्काताई. गोल संपले तिथून पुढे भाभींच्या धाकट्या मुलीनं खडूनं नवे काढले होते, अगदी मापात. मी माझ्या बंद शटरसमोर पायरीवर बसले होते, लांब, कुणाशी न बोलता.

"काय देऊ, अक्काताई?"

"मिरची."

"मिरची न्हाई माझ्याकडं. संपली."

"संपली कशी? तिकडं कोंडून ठेवलीया की. लुगड्याच्या काठाची चिंधी बांधल्याली पिशवी हाय बघा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघत होते.

"ते तिला विचारा. तिच्या दुकानातलं हाय."

"तिचं कुलूप ती काढतीया. तुमचं?"

"ते जाग्याचं भांडण हाय आमचं."

"असंल. माझी मिरची कुठं जागा मागतीया?" अक्काताई बाजूला झाल्या, रांगेच्या शेवटी जाऊन शेवटच्या गोलात उभ्या राहिल्या. दुसरी पुढे आली.

"काय देऊ?"

"मिरची."

असं चालू झालं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी शिवी दिली नाही. अशी सभ्य बायकांची रांग आमच्या गावानं आधी कधी पाहिली नव्हती. एक विचारायची, मागे जाऊन उभी राहायची, तोवर दुसरी विचारायची. ज्याला साखर हवी होती, तेल हवं होतं, त्याला गोलच मिळेना. लोक बाजूला थांबून मजा बघायला लागले, मग कंटाळून कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जायला लागले. दुकान उघडायला मिळत होतं ते दुपारपर्यंतच, त्यात अण्णांची एक पुडीही सुटली नव्हती.

अण्णांनी पोलिसांना फोन केला. तोच हवालदार आला. त्यानं रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारली, मास्क बघितले, गोल बघितले, खडूचे गोल काठीनं मोजून बघितले.

"हाकला की ह्यांना," अण्णा म्हणाले.

"कशाबद्दल? रांगेत उभं ऱ्हाणं गुन्हा न्हाई, अण्णा. उलट मी फोटो काढून साहेबांना पाठवतो. बाकीच्या गावानं शिकावं."

"ह्या काय घेईनात!"

"काय मागतायत त्या?"

मागच्या गोलातून आवाज आला, "मिरची."

हवालदारानं माझ्या शटरकडे बघितलं, दोन्ही कुलपांकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. त्याच्या आईचीही पिशवी आत होती. तो समोरच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

ऊन चढलं. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता, पण माणूस हटत नव्हता. "दुपारपर्यंत उभ्या ऱ्हावा," ते म्हणाले. "उद्या पण या. मी हितंच हाय." मला मनातून भीती वाटायला लागली. बायका किती दिवस येणार? प्रत्येकीला घर होतं. आज रागानं आल्या होत्या. उद्या राग निवला की मी आणि डंक तिथंच.

तेवढ्यात बोळातून, मागच्या दारानं, महादेवीकाकू बाहेर आल्या. डोक्यावर पदर, तोंडाला मास्क, हातात चटणीचा पितळी डबा. मला वाटलं, आता ह्या बायकांना शिव्या घालणार. अण्णांनाही तसंच वाटलं असावं. ते जरा ताठ बसले.

पण काकू दुकानाकडे गेल्याच नाहीत. रांगेच्या कडेनं चालत मागे गेल्या आणि शेवटच्या गोलात उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी नंबर लावला होता.

रांग सरकत राहिली. एक एक बाई पुढे व्हायची, "मिरची" म्हणायची आणि बाजूला व्हायची. आता मागे जाऊन कुणी उभी राहत नव्हती. सगळ्या भिंतीकडेला थांबून बघत होत्या. शेवटी अण्णांच्या समोर फक्त त्यांची बायको उरली.

"तू कशाला आलीस? घरात जा."

काकूंनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा उलटा करून तागडीत आपटला. काही पडलं नाही.

"मिरची," त्या म्हणाल्या.

"घरात बोलू."

"घरात बोलून झालं. तिच्याकडं किल्ली मागितली, तिनं दिली न्हाई. तुमच्याकडं मागितली, तुम्ही दिली न्हाई. सुनेच्या हातचं मिळमिळीत खाऊन गप बसू का मी आता? माझ्या मिरचीला उखळात बुरा आला तर तुमच्या पोराचा धंदा मला काय करायचाय?"

पोराचं नाव पहिल्यांदा चारचौघांत आलं. अण्णांचा चेहरा पडला. मला त्या क्षणी त्यांची कीव आली, हेही सांगते. पण फार नाही.

त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि तागडीत टाकली. पारडं खाली गेलं.

काकू किल्ली घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. "ऊठ. तुझी काढ."

"आधी तुम्ही काढा."

"आधी तू."

"न्हाई, काकू. वकिलांनी सांगितलंय."

"आणि मला कुणी सांगितलं न्हाई म्हणून मी येडी व्हय?"

शेवटी हवालदारच झाडाखालून ओरडला, "दोघी एकदम काढा गं बायांनो!" तेव्हा एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला काकू अशा वाकलो, एकमेकींच्या हाताकडे बघत किल्ल्या फिरवल्या, आणि दोन्ही कुलपं एकाच वेळी सुटली. शटर मी उचललं.

इतके दिवस कोंडलेला खकाणा भसकन् बाहेर आला. काकू शिंकल्या, मी शिंकले, मागच्या सगळ्या बायका शिंकायला लागल्या, आणि साथीच्या त्या दिवसांत सगळा रस्ता मोकळा झाला. हवालदार सगळ्यात आधी पळाला.

प्रत्येकीनं आपली गाठ तपासली. सगळ्यांच्या गाठी जशाच्या तशा होत्या. भाभींनी आपली पिशवी उचलली, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसत्याच खोकल्या. मी तेवढ्यावर समजून घेतलं.

काकूंनी पाटा उचलला, परात काढली, उखळात हात घालून मिरची नाकाशी नेली. बुरशी धरली नव्हती. त्यांनी डंकाकडे बोट दाखवलं. "चालू कर."

"काकू, गिऱ्हाइकानं दुकानात बसायचं न्हाई. परवानगीत तशी अट हाय. तुम्ही घरला जा, कुटून झाली की मी..."

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. अण्णांच्या दुकानातलं स्टूल ओढलं, रस्त्यावरच्या पहिल्या गोलात मांडलं, माझ्या शटरकडे तोंड करून बसल्या आणि डबा मांडीवर घेतला. "हितं बसू नको असं लिवलंय का कुठं?"

असं कुठंच लिहिलं नव्हतं. त्या वर्षी माझा डंक असाच चालला. एक बाई आत मिरची ठेवायची आणि बाहेर गोलात स्टुलावर बसून मुसळांकडे बघायची. ती उठली की दुसरी. माझ्या धंद्याची परवानगी एकदाही गेली नाही, कारण आत कुणीच बसत नव्हतं. बाहेर मात्र बसायच्याच, कारण माझ्यावर विश्वास ठेवायला गावातली एकही बाई तयार नव्हती, आणि म्हणूनच तर कुलूप निघालं होतं.

कोर्टं उघडल्यावर अण्णांनी रीतसर दावा लावला. तो अजून चालू आहे. अण्णा गेले, धनवडे वकील थकले, त्यांचा पुतण्या आता काम बघतो. दाव्यात आता काकू माझ्याविरुद्ध आहेत. तारखेच्या दिवशी तालुक्याला एकच एसटी सोयीची, त्यामुळे आम्ही दोघी एकाच गाडीनं जातो, वेगवेगळ्या बाकांवर बसतो आणि एकाच गाडीनं परत येतो. त्या मला अजून फळं भोगशील म्हणतात. मीही काही गप्प बसत नाही.

यंदा मार्चमध्ये काकू मिरची घेऊन आल्या तेव्हा त्यांचे गुडघे पार गेले होते. काठी टेकत, दोनदा थांबत आल्या. साथ कधीच सरली आहे, चुन्याचे गोलही पुसले गेलेत. दुकानात गर्दी होती. मला कसंतरी वाटलं. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि म्हटलं, "काकू, ठेवून जा की. कशाला त्रास घेता? मी कुटून घरी आणून देते."

काकूंनी पिशवी माझ्या हातातून परत ओढून घेतली. भिंतीकडेच्या बाईला उठवलं, तिच्या जागी बसल्या, पदर नाकाला लावला.

"ठेवून?" त्या म्हणाल्या. "एकदा ठेवून बघितली की."